दर चौथा चेंडू

बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाच्या कामाला वाईट म्हटलं नव्हतं. सगळी नोकरी बालवाडीत गेली, आणि तिथे त्या शब्दाला जागाच नसते. कुणी हत्तीला पाच पाय काढले तर बाई म्हणायच्या, "छान. हा भराभर पळेल." कुणी सूर्य काळा रंगवला तर, "छान. आज ढग आलेत वाटतं." निवृत्त झाल्या तरी जीभ बालवाडीतच राहिली. शेजारणीचा मध्येच खचलेला केक छान, जावयाचं गाणं छान, मुलीने बैठकीच्या खोलीला दिलेला जांभळा रंगही छान. त्या रंगाकडे बघून पाहुणे आधी पाणी मागायचे, ती गोष्ट वेगळी.

त्यांचे यजमान अगदी दुसऱ्या टोकाचे. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. हाताखालचे लोक तोंडावर मोजणीसाहेब म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. 'साधारण' किंवा 'अंदाजे' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. लग्नात फोटो काढणारा म्हणाला, "नवरदेव, जरा जवळ सरका," तर यांनी गंभीरपणे विचारलं, "किती?" ही गोष्ट बाई अजूनही सांगत, आणि प्रत्येक वेळी सांगताना आधी स्वतःच हसत. असं असूनही दोघांचा संसार सुरळीत झाला, कारण घरातलं छान-छान बाईंकडे होतं आणि घराबाहेरची मोजमापं साहेबांकडे. एकमेकांच्या हद्दीत कुणी पाऊल टाकत नव्हतं.

मग साहेबांचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग विरत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. दाराची चौकट दिसे, दारात कोण उभं आहे ते दिसत नसे. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. वर्तमानपत्र बंद झालं, गाडी चालवणं बंद झालं. मोठ्या तपासणीच्या दिवशी आत त्यांच्या डोळ्यांचे फोटो काढणं चाललं होतं, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना वेगळं बोलावून काय ते सांगितलं. साहेब बाहेर आले, डोळ्यांत औषध घातल्यामुळे पाणी गळत होतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"छान आहे," बाई म्हणाल्या. "आहे तसंच राहील म्हणाले."

साहेबांनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं. बाईंनी मात्र तेव्हापासून डॉक्टरांचा विषय कधी निघू दिला नाही.

साहेबांना आयुष्यात छंद एकच, तोही उशिरा लागलेला. गावाबाहेर गोल्फची एक रेंज होती. एका वकील मित्राने त्यांना एकदा तिथे ओढत नेलं आणि ते तिथलेच झाले. खऱ्या गोल्फच्या मैदानावर ते कधी गेले नाहीत, जायचंही नव्हतं. तिथे चेंडूच्या मागे रानोमाळ हिंडावं लागतं. रेंजवर छपराखाली आपल्या कप्प्यात हिरव्या चटईवर उभं राहायचं, यंत्रात टोकन टाकून बादलीभर चेंडू घ्यायचे आणि एकेक मारत सुटायचं. दोन्ही बाजूंना उंच जाळी, आणि समोर गवतात अंतराच्या पाट्या. साहेबांचा जीव अडकला होता तो त्या पाट्यांमध्ये. एकदा परवानगी घेऊन त्यांनी त्या टेप लावून मोजल्याही होत्या, आणि येऊन काउंटरवरच्या मुलीला सांगितलं होतं की दीडशेची पाटी एकशे शेहेचाळीस मीटरवर आहे. ती म्हणाली, "चार मीटरनं काय होतं, काका?" साहेब तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

डोळे बिघडल्यावरही वकील होते तोवर अडलं नाही. चटईवरचा चेंडू मान तिरकी करून, कडेच्या नजरेने सापडत होता, आणि पुढचं हातांना पाठ होतं. चेंडू कुठे पडला ते वकील सांगत. मग वकील मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि साहेबांचं रेंजवर जाणं थांबलं.

"मारला की संपला," ते म्हणाले. "कुठे गेला ते कळत नाही, तर मारायचा कशाला?"

त्यानंतर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले. सकाळी बसायचे ते संध्याकाळपर्यंत. जेवायला हाक मारली की यायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. आपला माणूस असा फर्निचरमध्ये जमा होताना बघणं बाईंना सहन होईना. एक दिवस त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "उठा. मी सांगते कुठे पडला ते."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"चेंडू पडलेला कळायला काय लागतं? बालवाडीत दुसरं काय केलं मी?"

अशी ती दोघं रेंजवर गेली. अगदी टोकाचा कप्पा घेतला. साहेबांनी दांडा हातात धरला, पाय रोवले, मान तिरकी केली, आणि इतक्या दिवसांनी त्यांचे खांदे सरळ झालेले पाहून बाईंना भरून आलं. त्यांनी चेंडू मारला. तो निघाला आणि डावीकडे वळत वळत थेट जाळीला जाऊन आपटला.

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चित्राचा कागद दोन्ही हातांनी वर धरून टेबलापाशी उभी राहिलेली सगळी मुलं त्यांना त्या एका चेहऱ्यात दिसली.

"सरळ," बाई म्हणाल्या. "छान."

एकदा म्हटल्यावर मागे फिरता येईना. दुसरा चेंडूही डाव्या जाळीत गेला, तोही सरळ झाला. तिसरा, तसाच. पण सगळेच सरळ म्हटलं तर फूटपट्टीला संशय येणार, एवढं बाईंना कळत होतं. वर्गात कागदी चांदण्या त्या पाळीपाळीने देत, म्हणजे कुणाला वाईट वाटत नसे आणि कुणी शेफारतही नसे. तोच हिशेब त्यांनी इथे लावला. तीन चेंडू सरळ, चौथा जरा उजवीकडे. पुन्हा तीन सरळ, चौथा जरा उजवीकडे. चेंडू मात्र सगळे डाव्या जाळीखाली जाऊन निमूट पडत होते.

आता दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण हा माणूस मोजणी खात्यातला. घरी येताना गाडीत साहेब एकदम म्हणाले, "तुझ्या लक्षात आलं का? दर चौथा चेंडू उजवीकडे जातो."

बाईंचा पाय ब्रेकवर जरा जोरात पडला. "हो का?"

"नेमका चौथा. याला काहीतरी कारण असणार. बहुतेक तीन चेंडूंनंतर माझी डाव्या हाताची पकड सैल पडत असावी."

झालं. त्या दिवसापासून साहेबांना काम मिळालं. जेवताना हातातल्या चमच्यावर पकड तपासणं सुरू झालं. तीन चेंडू मारले की ते थांबायचे, मनगटं झटकायचे, डावा हात आवळायचे, दांडा जरा आत वळवायचे आणि मग चौथा मारायचे. त्यामुळे चौथा चेंडू आणखी डावीकडे जायचा, पार जाळीच्या खांबावर. बाई म्हणायच्या, "जरा उजवीकडे. पण मागच्यापेक्षा कमी." साहेब मान हलवायचे. "येतंय हळूहळू."

आणि खरं सांगायचं तर बाई खूश होत्या. खुर्ची रिकामी राहू लागली होती. साहेब फोनवर मुलीला पकडीचं शास्त्र समजावून सांगत, ती बिचारी हूं हूं करत ऐकत असे. घरात पुन्हा कुणीतरी कुणालातरी दुरुस्त करू लागलं होतं. कुठे डावी जाळी आणि कुठे उजवी, यानं कुणाचं काय बिघडतंय, असं बाईंनी मनाला पटवलं होतं.

बिघडलं ते कॉफीच्या यंत्रापाशी. रेंजवरचे चेंडू गोळा करायला एक छोटी गाडी फिरायची. चालवणारा लोखंडी पिंजऱ्यात बसायचा, कारण येणारा जाणारा प्रत्येक जण नेम धरायचा तो त्याच्यावरच. एके सकाळी तो पिंजऱ्यातून उतरून कॉफी घ्यायला आला आणि साहेबांना पाहून हसला.

"काका, कधीचं म्हणायचं होतं, तुमचे आभार मानायचेत," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तुम्ही असलात की माझा एक फेरा वाचतो. तुमचे चेंडू सगळे डाव्या जाळीखाली एका ढिगात मिळतात. बाकीचे लोक कुठेही मारतात हो."

साहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "डाव्या?"

"हो, खांबापाशी."

"सगळे?"

"सगळेच की."

"आणि दर चौथा?"

"चौथ्याचं काय?"

"तो उजवीकडे जातो ना?"

गाडीवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाई कॉफीच्या यंत्रावरच्या सूचना वाचत होत्या. "उजवीकडे तुमचा एकही पाहिला नाही, काका," तो गोंधळून म्हणाला, आणि आपण काय केलं हे न कळताच कॉफी घेऊन गेला.

साहेबांनी गाडीत बसून पट्टा लावला. ते रागावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. रागावलेल्यांना कसं सांभाळायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण साहेब शांत होते. घरी आल्यावर त्यांनी कपडे बदलले आणि बाहेर येऊन विचारलं, "हा शर्ट कुठला?"

"निळा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फोन उचलला, चाचपडत मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन छातीसमोर धरला. "हा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

"निळा, बाबा. का?"

"काही नाही. खात्री करत होतो."

बाई तिथेच उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी साहेबांची गोळी पाण्याच्या पेल्याबरोबर पुढे केली. साहेबांनी ती घेतली आणि तशीच मुठीत धरून शेजारणीचं दार वाजवायला गेले. "ही पिवळी आहे की पांढरी, जरा बघता का?" हे शब्द जिन्यातून बाईंना ऐकू आले.

साहेब परत आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला चुकीची गोळी देईन का?"

"नाही देणार."

"मग?"

"मला ते कळणार कसं?" साहेब खुर्चीत बसले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "चेंडू गेले खड्ड्यात. आता मला जे दिसतं ते तुझ्या तोंडून दिसतं. रस्ता, गोळी, शर्ट, समोरून कोण येतंय ते. त्यातलं किती आहे तसं आणि किती मला बरं वाटावं म्हणून, हे मी कशानं मोजू?"

बाई आत जाऊन भांडी घासू लागल्या. चेंडूंचं कळलं त्याचं एवढं, तर त्या दिवशीच्या डॉक्टरांचं कळलं तर काय, हे त्यांच्या मनात आलं. आपण सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीवर हा माणूस पुन्हा विसंबला नाही तर त्याचे दिवस कसे जातील आणि आपले कसे जातील, या विचाराने त्या तशाच भांडी घासत राहिल्या, घासून झालेली भांडीसुद्धा.

सकाळी त्यांनी किल्ली काढली. "चला."

"कशाला? घरीच म्हण छान छान. पेट्रोल वाचेल."

"टोमणे मारून झाले की बूट घाला," बाई म्हणाल्या. "आज आहे तसं सांगणार आहे. नाही जमलं तर मीच तुम्हाला पुन्हा नेणार नाही."

साहेबांनी बूट घातले. रेंजवर त्याच टोकाच्या कप्प्यात बादली ठेवल्यावर त्यांनी हाताखालच्या नव्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "आधी दिशा. मग अंतर. मत मी विचारलं तरच."

"बरं."

पहिला चेंडू गेला तो नेहमीच्या वाटेने. साहेब मान तिरकी करून थांबले. बाईंनी तोंड उघडलं आणि आतून 'स' आला. तो त्यांनी गिळला.

"डावीकडे," त्या म्हणाल्या. "जाळीत."

"अंतर?"

"शंभरच्या पाटीच्या बरंच अलीकडे."

"बरंच म्हणजे किती?"

"सत्तर. तुमच्या मीटरने."

साहेबांनी हूं केलं आणि दुसरा ठेवला. तो डावीकडे. तिसरा डावीकडे. चौथ्याला बाई मुद्दाम म्हणाल्या, "चौथा डावीकडे." साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी आवळलेला डावा हात सैल केला, दांडा जरा बाहेर वळवला. एक चेंडू वरच्या वर घासला गेला, तो चटईपुढे थोडा रांगला आणि थांबला. हा त्यांच्या हातालाही कळला होता. तरी त्यांनी विचारलं, "कुठे?" बाईंना तो खडा टाकलेला बरोबर कळला.

"कुठेही नाही," त्या म्हणाल्या. "इथेच आहे. पायाने परत आणू का?"

या वेळी साहेब हसले. आणि गंमत अशी की बाईंना हळूहळू यात मजा वाटू लागली. आयुष्यभर साठलेलं सगळं असं मोकळं होत होतं. "डावीकडे, पण जाळीला लागला नाही." "डावीकडे, नव्वद. मागचा बरा होता." "मत विचारलं नव्हतं." "राहवलं नाही." पकड बदलत गेली तसे चेंडू मध्याकडे सरकू लागले. मधूनच एखादा पुन्हा खांबापाशी जाई आणि बाई तेही सांगत. बादली निम्म्याखाली गेली तेव्हा एका चेंडूचा आवाजच वेगळा आला, टणक आणि स्वच्छ. बाईंनी त्याला जाताना पाहिलं, पडताना पाहिलं आणि तरी त्या क्षणभर थांबल्या, कारण हे सांगताना घाई करायची नव्हती.

"सरळ," त्या म्हणाल्या. "दीडशेच्या पाटीपाशी. म्हणजे तुमचे एकशे शेहेचाळीस."

साहेबांनी मान त्या दिशेला वळवली. मग म्हणाले, "खरंच गेला."

ते विचारत नव्हते. कालपासून पहिल्यांदाच त्यांनी बाईंचं सांगणं जसंच्या तसं घेतलं होतं, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांनी पुढचा चेंडू ठेवला नाही. दांडा टेकून ते समोर गवताकडे तोंड करून उभे राहिले.

"तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तुला वेगळं बोलावलं होतं," ते म्हणाले. "मी बाहेर आल्यावर तू छान म्हणालीस."

"हो."

"आता आहे तसं सांग."

गाडीवाला लांब पिंजऱ्यात बसून चेंडू गोळा करत चालला होता. आज त्याला एका ढिगात मिळणार नव्हते. बाईंनी कप्प्यातल्या बाकाची कड धरली. इथे नको, घरी बोलू, असं म्हणता आलं असतं. मग पुन्हा कधी सांगणं झालं नसतं, हेही त्यांना माहीत होतं.

"सुधारणार नाही," त्या म्हणाल्या. "मधलं आणखी जाईल."

"अंतर?"

"वर्ष, दीड वर्ष. त्यानंतर चेहरे ओळखू येणार नाहीत. माझाही. कडेचं राहील. घरात हिंडता येईल, मान तिरकी करून चेंडू सापडेल. पुरता अंधार होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. यात मी पदरचं काही घातलेलं नाही."

पलीकडच्या कप्प्यात कुणीतरी चेंडू मारला, तो कुठे गेला हे बाईंनी पाहिलं नाही.

"मत?" साहेबांनी विचारलं.

बाईंच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द तयार होता. काळ्या सूर्यापासून जांभळ्या भिंतीपर्यंत सगळ्याला पुरलेला.

"वाईट आहे," बाई म्हणाल्या. "फार वाईट आहे हो." आणि चार लोकांत, भर सकाळी त्या रडू लागल्या.

साहेबांनी दांडा चटईवर ठेवला. खिशातून रुमाल काढला आणि हात लांब करून पुढे धरला. रुमाल बाईंच्या खांद्याच्याही पलीकडे, रिकाम्या हवेत जाऊन थांबला.

"डावीकडे गेलाय," बाई नाक ओढत म्हणाल्या.

"किती?"

"वीतभर."

साहेबांनी हात वीतभर उजवीकडे आणला.